उंटिणीच्या वाट्याचे पाणी

जुळे सोलापुरात नळाला पाणी येण्याचा दिवस म्हणजे घरातल्या सगळ्यांची हजेरी लागण्याचा दिवस. पिंप, बादल्या, कळशा, खालची टाकी, वरची टाकी, सगळे भरून घ्यायचे. मधले चार-पाच दिवस ह्याच पाण्यावर काढायचे असल्यामुळे त्या दिवशी आळस कोणालाच परवडत नाही. अशाच एका पाण्याच्या दिवशी आम्ही भांडी ओळीने मांडत होतो, तेवढ्यात मकतबमधून सूरह फील पाठ करून आलेला आमचा सात वर्षांचा नातू दारातच थांबला आणि म्हणाला, "दादी, हत्ती बुरा रहता क्या?"

त्याचे म्हणणे साधे होते. अब्रहा हत्ती घेऊन काबागृह पाडायला आला आणि अल्लाहने पक्ष्यांचे थवे पाठवून त्या फौजेचा धुव्वा उडवला, म्हणजे हत्तीसुद्धा वाईटच. आम्ही हातातली बादली खाली ठेवली आणि त्याला सीरतच्या जुन्या ग्रंथांत येणारी हकीकत सांगितली. अब्रहाच्या त्या मोठ्या हत्तीचे नाव महमूद होते. मक्केकडे तोंड केले की तो खाली बसे, मारले तरी उठत नसे. यमनकडे तोंड फिरवले की चालू लागे. वाईट होता तो वर बसलेला, हत्ती नव्हे. नातवाचे समाधान झाले आणि तो पाइप धरायला पळाला.

त्याच्या नववीतल्या बहिणीचे मात्र समाधान झाले नाही. शाळेसाठी ती दुष्काळ आणि एल निनो यावर माहिती गोळा करत होती आणि त्यात तिला आफ्रिकेतली एक बातमी सापडली होती. दुष्काळ पडला म्हणून सरकारनेच रानटी हत्ती मारायचे ठरवले आणि मांस उपाशी लोकांना वाटले. तिने विचारले, "दादी, उपाशी माणसांना खायला मिळाले, तर त्यात चूक काय? बकरी ईदला आपणही कुर्बानी करून गोरगरिबांना वाटतोच ना?"

पाणी भरून झाले तरी ह्या प्रश्नाचे नीट उत्तर आम्हाला देता आले नाही. ह्या महिन्याचे सदर त्या उत्तरासाठी.

आधी घडले काय ते पाहू. २०२३-२४ च्या हंगामात एल निनोमुळे आफ्रिकेच्या दक्षिण भागात पाऊस दडी मारून बसला आणि मक्याचे पीक गेले. आपल्याकडे ज्वारी गेली की जी अवस्था होते, तीच तिकडे मका गेला की होते. ऑगस्ट २०२४ मध्ये नामिबियाच्या सरकारने ७२३ वन्यप्राणी मारण्याची योजना जाहीर केली: ३०० झेब्रे, १०० नीलविल्डबीस्ट, १०० इलांड हरणे, ८३ हत्ती, ६० रानम्हशी, ५० इम्पाला आणि ३० पाणघोडे. पुढच्याच महिन्यात झिम्बाब्वेने २०० हत्ती मारण्याचे जाहीर केले. त्या देशात १९८८ नंतर अशी सरकारी हत्या झाली नव्हती. कारणे दोन दिली गेली. लोकांना मांस मिळेल, आणि उरलेल्या चाऱ्या-पाण्यावरचा भार हलका होईल.

आम्ही स्वयंपाकघरात आयुष्य काढलेली माणसे, म्हणून पहिल्या कारणाचा हिशेब चुलीपाशीच करून पाहिला. योजना जाहीर झाली तोवर १५७ प्राणी मारून झाले होते आणि त्यांचे सुमारे ५६,८७५ किलो मांस निघाले होते. आकडा ऐकायला मोठा वाटतो. पण त्या देशात अन्नाची टंचाई सोसणाऱ्यांची संख्या १४ लाखांच्या घरात होती, म्हणजे जवळपास निम्मा देश. भागाकार केला तर माणशी ४० ग्रॅम येतात. चाळीस ग्रॅम म्हणजे सालनातली एक लहान बोटी. सगळी ७२३ जनावरे त्याच प्रमाणात धरली तरी वर्षाच्या दुष्काळावर माणशी एकदा पावकिलोसुद्धा भरत नाही. मांस सगळ्यांना वाटले गेले नाही, ठरावीक भागांत गेले, आणि ज्या घरात ते पोहोचले तिथे त्या दिवशी मुले पोटभर जेवली असतील, हे आम्ही नाकारत नाही. पण ह्याला दुष्काळावरचा उपाय म्हणता येणार नाही. भुकेला धान्य लागते, तेही दररोज.

हे सोलापूरकरांना वेगळे सांगायला नको. १९७२ चा दुष्काळ आमच्या पिढीने पाहिला. अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी, शाळेत आणि कामावर मिळणारी सुकडी, खडी फोडणाऱ्या बायकांच्या रांगा, हे सगळे डोळ्यांसमोर आहे. मिलोच्या भाकरीला चव नव्हती, पण तिने माणसे जगवली. कामाच्या बदल्यात दाम आणि धान्य देण्याच्या त्याच व्यवस्थेतून पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा आला. आणि गंमत अशी की वन्यजीवांना संरक्षण देणारा देशाचा कायदासुद्धा त्याच १९७२ च्या सप्टेंबरात झाला. माणसे खडी फोडत होती त्याच वर्षी रानातल्या जनावरांसाठी कायदा करण्याची बुद्धी ह्या देशाला सुचली, ही गोष्ट आम्हाला अजून नवलाची वाटते.

आता मुलीच्या कुर्बानीच्या प्रश्नाकडे येऊ. आम्ही मांस खाणाऱ्या घरातले. जनावराचा जीव घेणेच पाप, असे आम्ही म्हटले तर ते ढोंग होईल. पण जीव घेण्याची परवानगी आपल्याला अटींसह मिळाली आहे. ज्याला पाळले, खाऊ घातले, पाणी पाजले, त्याला अल्लाहचे नाव घेऊन, धारदार सुरीने, कमीत कमी वेदना देऊन. त्याच्या डोळ्यांसमोर सुरीला धार लावू नये आणि एका जनावरासमोर दुसऱ्याला कापू नये, हा अदब आपल्या घरातल्या लहान मुलांनाही ठाऊक असतो. आता हत्तींच्या सरकारी हत्येत काय होत आले, ते ऐका. दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर अभयारण्यात १९६७ ते १९९४ ह्या काळात चौदा हजारांहून अधिक हत्ती मारले गेले. झिम्बाब्वेत १९६० ते १९९० ह्या तीस वर्षांत चाळीस हजारांहून अधिक. एक-दोन मारले तर उरलेले बिथरतात, म्हणून हेलिकॉप्टरने घेरून आख्खे कुटुंबच संपवायचे, अशी पद्धत पडली. लहान पिल्ले तेवढी अनेकदा वाचवली जात, कारण ती विकता येत किंवा दुसऱ्या रानात हलवता येत. आई, मावशी, आजी सगळ्या पिल्लाच्या डोळ्यांसमोर पडत.

त्या पिल्लांचे पुढे काय झाले, हे वाचून आम्ही बराच वेळ गप्प होतो. क्रूगरची काही अनाथ पिल्ले पिलानेसबर्ग नावाच्या दुसऱ्या राखीव रानात सोडली गेली. वडीलधाऱ्यांशिवाय वाढलेले त्यांतले नर वयात आल्यावर इतके हिंसक झाले की नव्वदीच्या दशकात त्यांनी चाळीसच्या वर गेंडे मारले. शेवटी १९९८ मध्ये क्रूगरहून सहा प्रौढ नर हत्ती आणून सोडले तेव्हा हा उपद्रव थांबला. पोरांना थोरांचा धाक मिळाला. ज्या मोहल्ल्यात दंगलीनंतर वा साथीनंतर थोरली माणसे उरत नाहीत, तिथल्या मुलांचे काय होते हे पाहिलेल्या कोणालाही ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही.

आणि दुष्काळातच थोरल्या हत्तिणींची सर्वाधिक गरज असते. हत्तींचा कळप आजीच्या मागे चालतो. टांझानियातल्या तारांगिरे रानात १९९३ मध्ये मोठा दुष्काळ पडला. तिथे अभ्यासकांनी पाहिलेल्या कळपांत नऊ महिन्यांत ८१ पैकी १६ पिल्ले दगावली. एरवी शंभरात दोन जात, तिथे वीस गेली. पण मृत्यू सगळ्या कळपांत सारखे नव्हते. ज्या कळपांच्या म्हाताऱ्या रान सोडून दूर निघून गेल्या, त्यांची पिल्ले जास्त वाचली. जे कळप जागेवर राहिले त्यांची जास्त गेली. आधीचा मोठा दुष्काळ पस्तीस वर्षांपूर्वीचा. तो अनुभवलेल्या म्हाताऱ्या जिवंत असणे, हेच वाचलेल्या पिल्लांचे नशीब असावे, असा त्या अभ्यासकांचा कयास आहे. पाणी कुठे सापडते हे आजीला आठवते. ती आजी मारून मांस वाटले, तर पुढच्या दुष्काळाची तयारीच मारली म्हणायची. हत्तिणीला एक पिल्लू व्हायला बावीस महिने लागतात आणि दोन पिल्लांत चार-पाच वर्षांचे अंतर असते. आजी तयार व्हायला चाळीस वर्षे.

पाणी हत्तीच पिऊन टाकतात, हे दुसरे कारण. मोठा हत्ती दिवसाला दीड-दोनशे लिटर पाणी पितो, खरे आहे. पण नामिबियाच्या वायव्येला होआनिबसारख्या कोरड्या नद्यांच्या वाळूत हत्तीच पायाने आणि सोंडेने खड्डे खणतात, त्यात पाणी झिरपते आणि हत्ती निघून गेल्यावर हरणे, पक्षी, इतर जनावरे तिथे पितात. आपल्याकडे भीमेच्या वाळूत उन्हाळ्यात झिरे काढतात, तसेच. झिम्बाब्वेतल्या ह्वांगे रानाची तर आणखीच वेगळी कथा. तिथे बारमाही नदी नाही. १९३० च्या दशकापासून माणसांनीच बोअर घेऊन पाणवठे केले, हत्ती त्या पाण्यावर वाढले, आणि आता संख्या जास्त झाली म्हणून बंदूक. पाहुण्याला आपणच बोलवायचे आणि ताटे कमी पडली की त्यालाच दोष द्यायचा.

हजरत सालेह (अलै.) यांची उंटीण आम्हाला आठवली ती इथे. समूद कौमने निशाणी मागितली, अल्लाहने उंटीण पाठवली आणि पाण्याची वाटणी ठरवून दिली: एक दिवस उंटिणीचा, एक दिवस लोकांचा. आपल्याकडे कालव्याच्या पाण्याचे आवर्तन ठरते, तसेच. तफसीर लिहिणारे सांगतात की उंटिणीच्या दिवशी लोकांना तिचे दूध मिळत असे, म्हणजे त्या दिवशीही ते उपाशी राहत नव्हते. तरीही एका मुक्या जनावरासाठी आपण एक दिवस पाणी सोडायचे, हे त्यांना सहन झाले नाही. वार एकाने केला. पण कुरआनने दोषी सगळ्या कौमला धरले, कारण बाकीच्यांनी संमती दिली किंवा गप्प बसले. पुढे तबूकच्या मोहिमेत प्रेषित मुहम्मद (स.) त्या उद्ध्वस्त वस्तीजवळून गेले, तेव्हा तिथल्या विहिरींचे पाणी वापरू नका, फक्त ज्या विहिरीवर ती उंटीण पाणी पीत असे तिचेच घ्या, असे त्यांनी सहाबांना सांगितले. हे बुखारी शरीफमध्ये आले आहे.

इस्लामी कायद्याच्या जुन्या ग्रंथांत पाण्याच्या हक्कांची उतरंड आहे. सर्वांत वर तहानेचा हक्क, आणि तो माणसाचा व जनावराचा दोघांचा. शेत भिजवण्याचा हक्क त्याच्या खाली. पावसाच्या नमाजेला मैदानात जाताना जनावरेही सोबत न्यावीत, असे अनेक फकीहांनी लिहिले आहे. इब्ने माजाच्या संग्रहात एक हदीस आहे, तिचा आशय असा की लोक जकात अडवतात तेव्हा आभाळातले पाणी अडते, आणि मुकी जनावरे नसती तर पाऊस पडलाच नसता. दुष्काळात जनावर कमी करणाऱ्यांनी ह्याचा विचार करावा.

आता आमच्याविरुद्ध जे म्हणता येईल तेही सांगितले पाहिजे. १९७० च्या सुमारास केनियातल्या त्साव्हो रानात हाच वाद झाला होता. रिचर्ड लॉज नावाच्या शास्त्रज्ञाचे म्हणणे होते की काही हजार हत्ती मारले नाहीत तर रान उजाड होईल. तिथले वॉर्डन डेव्हिड शेल्ड्रिक यांनी विरोध केला, बंदूक चालली नाही, आणि १९७०-७१ च्या दुष्काळात किमान सहा हजार हत्ती भुकेने मेले. त्यांत माद्या आणि पिल्ले जास्त. हत्ती वाचवा म्हणणाऱ्याने हा आकडा लपवू नये. तडफडून मरण्यापेक्षा गोळी बरी, असे कोणी म्हटले तर त्याला मूर्ख म्हणता येत नाही. आमचे म्हणणे एवढेच, की निसर्गाच्या दुष्काळात आधी दुबळे जातात आणि रस्ता ठाऊक असलेली एखादी आजी उरू शकते. बंदूक आख्खा कळप नेते, आजीसह.

दुसरे म्हणणे त्याहून बोचरे आहे. पंख्याखाली बसून हत्तीवर प्रेम करणे सोपे असते. ज्या बाईचा नवरा पहाटे शेताकडे गेला आणि हत्तीच्या पायाखाली आला, तिला आमचे सदर वाचून दाखवायची आमची हिंमत नाही. एप्रिल २०२४ मध्ये बोट्स्वानाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मसिसी यांनी जर्मनीला सुनावले होते की इतके प्रेम असेल तर वीस हजार हत्ती तुमच्याकडे पाठवतो, राहून दाखवा. टोमणा रास्त होता. हत्ती साऱ्या जगाचा म्हणायचा आणि त्याची किंमत मात्र गरीब शेतकऱ्याने मोजायची, हा न्याय नाही. म्हणून विरोध करणाऱ्यांनी धान्य पाठवावे, पिकाच्या नुकसानीचे पैसे वेळेवर मिळतील अशी सोय करावी, मिरचीची आणि मधमाश्यांच्या पेट्यांची कुंपणे घालायला मदत करावी. केनियात पेट्यांच्या कुंपणाचा चांगला उपयोग झाला आहे. माश्यांना हत्ती घाबरतो आणि मधही मिळतो. आणि ही हत्या केवळ दुष्काळापुरती होती, असेही मानू नये. २०२५ मध्ये झिम्बाब्वेने साव्हे खोऱ्यात निदान पन्नास हत्ती मारण्याचे पुन्हा जाहीर केले. ह्या वेळी कारण संख्या वाढल्याचे होते.

हे सगळे लांबचे आहे, असे वाटणाऱ्या वाचकांसाठी थोडे जवळचे. आपल्या राज्यातही रानटी हत्ती आहेत. २००२ च्या सुमारास ते कर्नाटकातून दोडामार्गमार्गे सिंधुदुर्गात उतरले. केळी, माड, सुपारीच्या बागा मोडल्या, माणसेही दगावली. २०१५ मध्ये माणगाव खोऱ्यात तीन हत्ती पकडले गेले. ते सगळे वाचले नाहीत. आणि २०१६ चा उन्हाळा आठवा. लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले होते आणि इकडे आपणही होरपळत होतो. त्याच वर्षी जूनमध्ये बिहारात नेमबाज बोलावून दोनशेहून अधिक नीलगाई मारल्या गेल्या. चंद्रपूरकडे मारलेल्या रानडुकरांवरूनही दिल्लीत दोन मंत्र्यांचा उघड वाद झाला. मेनका गांधी विरोधात होत्या, प्रकाश जावडेकर शेतकऱ्यांचे नुकसान पुढे करत होते. दोघांच्याही बोलण्यात पाण्याची वाटणी फारशी आली नाही.

ती सोलापुरात तरी कुठे येते? शेतमूल्य आयोगाने राज्याबद्दल नोंदवले आहे की लागवडीखालच्या चार टक्क्यांहून कमी जमिनीवरचा ऊस सिंचनाचे सुमारे ७० टक्के पाणी घेतो. आपला जिल्हा साखर कारखान्यांचा जिल्हा. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे पातळीत गेले, तेव्हा ते नान्नजच्या काळविटांनी पिऊन संपवले नव्हते. तहानेचा हक्क वर आणि शेताचा खाली, ही उतरंड आपण केव्हाच उलटी केली आहे. त्याचा दोष रानडुकरावर ढकलणे सोपे, कारण त्याला ग्रामसभेत उभे राहून बोलता येत नाही.

पण इथल्या लोकांनी दुसरेही काही करून दाखवले आहे. २०१२-१३ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये सांगोला, मंगळवेढा भागात जनावरांच्या छावण्या लागल्या. पेंड, चारा, टँकर, आणि धन्याची खाट गोठ्यालाच. त्यांत गैरप्रकारांचे आरोपही झाले, ते व्हायलाच हवे होते. तरीही दुष्काळात सरकारी पैसा जनावर जगवायला वापरायचा, ही गोष्ट आपल्याकडे कोणाला विचित्र वाटली नाही. नान्नजच्या माळावर उन्हाळ्यात वनखाते आणि काही हौशी मंडळी टँकर नेऊन पाणवठे भरतात. आमच्या इथे विजापूर रोडच्या कंबर तलावाकडून उडत येणाऱ्या पक्ष्यांसाठी गच्चीवर परळ ठेवणारी घरे बरीच आहेत. टँकर विकत घेणारीही परळ भरतात.

मुलीने हे सगळे ऐकून घेतले आणि वहीत चाळीस ग्रॅमचा हिशेब तेवढा उतरवून घेतला. बाकीचे सरांना पटणार नाही म्हणाली.

वाचकांना एक विनंती. १९७२ मध्ये तुमच्या गावात पाण्याची वाटणी कशी होत होती, विहिरीवर जनावरांसाठी वेगळी वेळ किंवा वेगळा हौद होता का, हे ज्यांना आठवते त्यांनी आम्हाला कळवावे. विशेषतः सांगोला, करमाळा, मंगळवेढा भागातल्या वडीलधाऱ्यांनी. पत्र लिहायला हात कापत असेल तर नातवंडांकडून लिहवून घ्यावे. आलेली माहिती पुढच्या अंकात देऊ.